छोट्या प्रकाशकांनो, ‘आपण काय, घरचेच’ हे आता पुरे

तमाम छोट्या, स्वतंत्र, दोन-तीन माणसांच्या जिवावर चालणाऱ्या प्रकाशकांना,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र असं उघड्यावर लिहितेय कारण समोरासमोर बोलायला मला जमत नाहीये. जमायला हवं खरंतर. माझ्या प्रकाशकाशी माझं आठवड्यातून दोनदा फोनवर बोलणं होतं, कधी पुस्तकावर, कधी तिसऱ्याच कुणाच्या पुस्तकावर, कधी नुसतंच, आणि दरवेळी फोन ठेवल्यावर मी स्वतःवर चिडते कारण ‘माझं पहिल्या वर्षाचं रॉयल्टी स्टेटमेंट कुठंय हो?’ हे एवढंसं वाक्य गेले सात महिने माझ्या तोंडून बाहेर पडत नाही. ज्या माणसाने माझी कादंबरी पाच वेळा वाचली (माझ्या सख्ख्या माणसांनी एकदाही पूर्ण वाचलेली नाही, असो) त्याला हिशोब कसा मागायचा? आणि मला खात्री आहे की अशी मी एकटी नाही, तुमच्या प्रत्येकाच्या यादीत माझ्यासारखे गप्प बसलेले चार-सहा लेखक असणारच. म्हणून हे पत्र माझ्या प्रकाशकाला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना.

आधी हे सांगते की मी तुमच्याकडे आले कशी, म्हणजे पुढचं जे काही कडू आहे ते नीट कळेल.

कादंबरी लिहून झाली तेव्हा मला या धंद्यातलं शून्य कळत होतं. सगळे करतात तेच मीही केलं, सगळ्यात मोठ्या नावाला बाड पाठवलं. चौदा महिने वाट पाहिली. नकारसुद्धा आला नाही हो, नकार आला असता तर निदान कुणीतरी पाकीट उघडलंय एवढं तरी कळलं असतं. मग एका कंपनीचा फोन आला, आवाज एकदम गोड, तुमचं लेखन आमच्या टीमला प्रचंड आवडलंय, आणि तिसऱ्याच मिनिटाला पॅकेजेस सुरू, सिल्व्हर गोल्ड प्लॅटिनम, आणि पैसे कुणी द्यायचे तर मी! त्या टीमने माझं एक पानही वाचलेलं नव्हतं कारण मी त्यांना फक्त पहिल्या प्रकरणाचं नाव आणि माझा नंबर भरून पाठवला होता. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही, उघड डोळ्यांनी काढावं की. पण छपाईची सेवा विकताना ‘तुमची निवड झाली आहे’ म्हणायचं ही सरळसरळ फसवणूक आहे. नव्याने लिहिणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर एवढं लक्षात ठेवा, पुस्तक खपलं तरच ज्याला पैसे मिळतात तो प्रकाशक, आणि पुस्तक खपो न खपो ज्याचा नफा तुमच्याकडूनच आधी वसूल झालेला असतो तो दुसरा कुणीतरी आहे, त्याने लेटरहेडवर काहीही छापलेलं असू दे.

त्यानंतर एका छोट्या प्रकाशकाला ईमेल केला. एकोणीस दिवसांनी उत्तर आलं आणि त्यात तीन पानं भरून फक्त चुका. मधला भाग कसा लांबलाय, आईचं पात्र सहाव्या प्रकरणानंतर कुठं गायब होतं, ‘क्षणभर’ हा शब्द एकशेबारा वेळा आलाय (मोजला होता!), आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, हे सगळं दुरुस्त करायची तयारी असेल तर आम्हाला हे पुस्तक काढायचंय. मी ते पत्र वाचून आधी रडले आणि मग नाचले. त्या दिवशी माझी निवड झाली. त्यांनी माझी केली असेल पण मीही त्यांची केली, हे मात्र तुम्ही लोक विसरता. तुम्हाला वाटतं मोठ्यांनी नाकारलेले लेखक तुमच्या दारात येऊन पडतात. काही पडतही असतील. पण ज्याच्याकडे आपलं बाड कुणीतरी वाचावं एवढीच भूक आहे त्याच्यासाठी तुम्ही दुसरा नंबर नसता.

पुढचं दीड वर्ष म्हणजे माझं खरं शिक्षण. कव्हर माझ्यासमोर झालं, तीन वेळा बदललं. फर्मा म्हणजे काय ते कळलं, एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं, म्हणजे पुस्तक १९२ पानांत बसलं तर बरोबर बारा फर्मे आणि माझं भरत होतं १९७! त्या पाच पानांसाठी अख्खा वेगळा फर्मा लावायचा, त्यातली अकरा पानं कोरी सोडायची, की पाच पानं कापायची यावर एका रात्री आमचं दोन तास भांडण झालं. शेवटी पानं कापली. आणि खोटं कशाला बोलू, कादंबरी त्यामुळे सुधारली. मोठ्या ठिकाणी हे भांडण झालंच नसतं, कुणीतरी टाईप अर्ध्या पॉइंटने बारीक करून मोकळं झालं असतं. आता हे मी ऐकीव बोलतेय हं, मोठ्या ठिकाणी चांगले संपादक नसतात असं अजिबात नाही. पण तिथल्या संपादकाला पुस्तक घ्यायचं तर विक्री विभाग, मार्केटिंग, फायनान्स अशा सगळ्यांना आधी पटवावं लागतं. तुमच्याकडे या सगळ्या विभागांची मीटिंग एकाच डोक्यात भरते, आणि तेच डोकं दुपारी पार्सलं बांधून कुरियरला देऊन येतं.

आणि असं एकाच डोक्याने घेतलेले निर्णय काय काय करून गेलेत! १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या व्हर्जिनिया आणि लिओनर्ड वुल्फ या लेखक नवराबायकोने एक हातछपाईचं यंत्र विकत आणलं, घरातल्या जेवणाच्या टेबलावर मांडलं आणि पहिलं पुस्तक काढलं ते दोघांच्या एकेका गोष्टीचं, जेमतेम दीडशे प्रती. ती झाली होगार्थ प्रेस. परवाचं बघायचं तर अमेरिकेतल्या पॉल हार्डिंगची पहिली कादंबरी भरपूर नकार खाऊन काही वर्षं कपाटात पडून होती, मग बेलव्ह्यू लिटररी प्रेस नावाच्या एका लहानशा संस्थेने ती काढली आणि तिकडचं मोठं पारितोषिक पुलित्झर २०१० मध्ये तिलाच. आयमर मॅकब्राइडचं पहिलं पुस्तक नऊ वर्षं कुणी घेत नव्हतं, गॅली बेगर प्रेस या नवख्या प्रकाशकाने २०१३ मध्ये ते काढलं आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमधलं बेलीज विमेन्स प्राइझ. गीतांजली श्री यांना २०२२ मध्ये आणि बानू मुश्ताक यांना २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं ते आपल्याला सगळ्यांना पाठ आहे, पण ते इंग्रजी अनुवाद टिल्टेड ॲक्सिस आणि अँड अदर स्टोरीज या दोन छोट्या स्वतंत्र प्रकाशकांनी काढले होते हे कितीजणांच्या लक्षात असेल? तिकडे वरच्या मजल्यावर मात्र दारं कमी कमी होत चाललीत, २०१३ मध्ये पेंग्विन आणि रँडम हाऊस हे दोन बडे प्रकाशक एक झाले, मग त्यांना सायमन अँड शूस्टर हा तिसरा बडा प्रकाशकही हवा होता, ते २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने अडवलं. त्या खटल्यात सरकारचा मुद्दाच हा होता की लेखकांचे पैसे कमी होतील, त्यांच्यासाठी बोली लावणारे घटतील. वाचून मला हसू आलं, आमच्यासाठी बोली लावतं कोण!

असो. ही बक्षिसांची यादी तुम्ही लोक प्रत्येक मुलाखतीत सांगता, मलाही तोंडपाठ झालीये. तुम्ही सांगत नाही अशी एक गोष्ट मी सांगते.

१९२२. पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच नावाची एक बाई पुस्तकांचं दुकान चालवते, शेक्सपिअर अँड कंपनी, आयुष्यात तिने एकही पुस्तक प्रकाशित केलेलं नाही. आयरिश लेखक जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ही कादंबरी छापायला कुणी धजत नाही. (चार वर्षांपूर्वी ते बाड वुल्फ नवराबायकोकडेही आलं होतं, त्यांनी एवढं मोठं पुस्तक हाताने जुळवणं शक्य नाही म्हणून परत केलं.) बीच म्हणते मी काढते. २ फेब्रुवारीला, लेखकाच्या चाळिसाव्या वाढदिवशी, पहिल्या प्रती त्याच्या हातात. एकूण हजार प्रतींची आवृत्ती. आणि लाड किती करावेत, जॉइसने प्रुफांवरच (छपाईआधी चुका तपासायला येतात ती पानं) इतकं नवं लिहून घातलं की पुस्तकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा प्रुफांवर लिहिलाय असं तो स्वतःच तिला म्हणाला होता. प्रत्येक दुरुस्तीचे छापखान्याचे पैसे कोण भरणार, तीच. आणि कागदावर? काही नाही. कित्येक वर्षं दोघांत लेखी करार नव्हता, झाला तो थेट १९३० मध्ये. आणि मग अमेरिकेतून रँडम हाऊस आलं, जॉइसला ते हवं होतं, बीचने आपले हक्क सोडून दिले, १९३४ मध्ये तिकडे पुस्तक थाटात निघालं आणि तिच्या हातात त्यातलं काही पडलं नाही.

ही गोष्ट सगळीकडे त्यागाची म्हणून सांगतात. मी तिच्याकडे वेळेवर करार न केलेल्या धंद्याची गोष्ट म्हणून बघते. इथे बुडाली प्रकाशक, लेखक नाही, हे मुद्दाम सांगतेय म्हणजे करार फक्त लेखकाच्या फायद्याचा असतो हा तुमचा गैरसमज जाईल. इतकी वर्षं त्यांचंही ‘आपण काय, घरचेच’ असंच चाललं असणार.

आता माझं ऐका. माझा करार झाला तो दीड पानाचा, पुस्तक छापखान्यात गेल्यावर. तोपर्यंत विचारलं की उत्तर यायचं, करू हो निवांत, आपण काय परके आहोत का. त्या दीड पानात काय होतं? रॉयल्टी दहा टक्के. कशाच्या दहा टक्के ते लिहिलेलं नव्हतं! आणि मीही विचारलं नाही कारण मला माहीतच नव्हतं की हा प्रश्न असतो. नंतर कळलं. समजा पुस्तकाची छापील किंमत शंभर आहे. वितरक आणि दुकानदार मिळून त्यातले चाळीस-पन्नास घेतात, ते साहजिकच आहे, त्यांनाही भाडं आहे, पगार आहेत. तुमच्या हातात येतात पन्नास. आता दहा टक्के शंभरावर धरले तर मला दहा मिळणार, पन्नासावर धरले तर पाच. एका शब्दाने माझं उत्पन्न अर्धं होतं आणि तो शब्द करारात नाही. मी तुम्हाला हेही म्हणत नाही की छापील किमतीवरच द्या. त्या पन्नासातून छपाई, कागद, कव्हर, संपादन, मांडणी, गोदाम, कुरियर आणि नंतर न खपलेल्या प्रती परत येतात त्यांचा भुर्दंड, एवढं सगळं भागवायचं तर निव्वळ जमेवर, म्हणजे तुमच्या हातात येणाऱ्या रकमेवर, टक्के देणं काही पाप नाही. टक्केवारी जास्त ठेवा आणि जमेवर द्या, चालेल. पण लिहा. कशावर ते लिहा.

ते परत येणाऱ्या प्रतींचं प्रकरण तर मला सगळ्यात उशिरा कळलं. दुकानात गेलेलं पुस्तक विकलं गेलंच असं नाही, ते न खपल्यास परत येऊ शकतं. ही पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकात मंदीच्या काळात रुजली, दुकानदारांनी नवीन पुस्तकं ठेवावीत म्हणून प्रकाशकांनीच ती सवलत दिली आणि मंदी गेली तरी पद्धत तशीच राहिली. तुम्ही मला महिनाभरात चारशे गेली म्हणून सांगितलं, मी जगाला सांगितलं चारशे खपली, आणि पाच महिन्यांनी त्यातली निम्मी कोपरे दुमडून परत. मला हे कुणी सांगितलं नाही, तुमच्या ऑफिसात आले तेव्हा मीच टेबलाखालचे गठ्ठे पाहिले. तुम्ही ओशाळलात, मी विषय बदलला. का? मला खपलं नाही याचं वाईट वाटलं असतं, चार दिवस मान खाली घालून बसले असते, पण संपलं असतं. त्याऐवजी आता तुम्ही कुठलाही आकडा सांगितलात की मी मनातल्या मनात त्याचा निम्मा करते. आकडा वाईट असला तरी सांगा हो. वर्षातून दोनदा एक एक्सेल शीट, किती छापली, किती बाहेर गेली, किती परत आली, किती तशीच भेट म्हणून वाटली, माझे किती झाले. शून्य झाले तर शून्य लिहून पाठवा. एवढंच. यासाठी अकाउंट्स विभाग लागत नाही, एक रविवार लागतो.

दुसरं म्हणजे हक्क. तुमच्या छापील करारात (जिथे असतो तिथे) एक वाक्य असतं, अनुवाद, ऑडिओ, ई-बुक, चित्रपट, नाटक, वेब सीरिज आणि ‘भविष्यात निर्माण होणारी सर्व माध्यमे’ यांचे हक्क प्रकाशकाकडे राहतील. हे वाक्य तुम्ही कुठूनतरी मोठ्यांच्या करारातून उचललंय हे मला पक्कं माहितीये कारण तुमच्यापैकी बहुतेकांकडे ऑडिओबुक करायला माणूस नाही, यंत्रणा नाही, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही. मग घेऊन ठेवता कशाला? कुलूप लावलेल्या खोलीसारखं ते. माझं म्हणणं साधं आहे, जे करणार आहात ते घ्या, बाकीचं लेखकाकडे राहू द्या, किंवा घ्या आणि मुदत घाला, दोन वर्षांत काही झालं नाही तर आपोआप परत. तुम्ही स्वतः खटपट करून अनुवाद विकलात तर त्यात तुमचा वाटा हवाच, त्याला कुठला शहाणा लेखक नाही म्हणेल?

मुदतीवरून आठवलं. पूर्वी पुस्तक संपलं आणि नवी आवृत्ती काढली नाही की हक्क लेखकाकडे परत यायचे, हे निदान मोजता यायचं. आता मागणीनुसार एक-एक प्रत छापता येते, ई-बुक तर कधी संपतच नाही, त्यामुळे ‘पुस्तक उपलब्ध असेपर्यंत’ या शब्दांचा अर्थ झाला कायमचं. मी एका मैत्रिणीचं पुस्तक पाहिलंय, तीन वर्षांत दोन प्रती गेल्या, ऑनलाईन यादीत मात्र आहे, म्हणून तिला ते परत मिळत नाही. तेव्हा वर्षाला अमुक इतक्या प्रतींच्या खाली विक्री गेली तर हक्क परत, असा आकडा घाला. पन्नास घाला, पंचवीस घाला, पण आकडा.

आणि आता सगळ्यात अवघड. तुम्ही बंद पडलात तर?

हे विचारणं म्हणजे भलतंच तोंडातून काढणं असं तुम्हाला वाटतं, मला माहितीये. पण हे तुमच्या चुकीशिवायही होतं. मघाशी ज्या गॅली बेगर प्रेसचं नाव घेतलं त्यांचं २०१९ च्या डिसेंबरात काय झालं बघा, त्यांचं एक पुस्तक बुकरच्या अंतिम यादीत आलं होतं, त्याच्या खास आवृत्तीची मोठी ऑर्डर एका विक्रेत्याने दिली, माल गेला, आणि विक्रेताच दिवाळखोरीत निघाला. म्हणजे संस्थेच्या इतिहासातल्या सगळ्यात यशस्वी वर्षात संस्था बुडायला आली. त्यांनी लपवलं नाही, वाचकांना जाहीर आवाहन केलं आणि वाचकांनीच पैसे उभे करून दिले. किंवा अमेरिकेतलं स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्युशन, १९६९ पासूनची संस्था, जवळपास चारशे छोट्या प्रकाशकांची पुस्तकं दुकानात पोचवणारी, ती मार्च २०२४ मध्ये एका दिवशी बंद झाली, आधी काही सूचना नाही, प्रकाशकांचा माल गोदामात आणि येणी हवेत. त्या प्रकाशकांनी काय चूक केली होती? काही नाही. मोठ्याचा एक वितरक बुडाला तर त्याला ठेच लागते, तुमचा पायच जातो. हे आम्हाला कळतं हो. आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा हा धोका धरूनच आलो. फक्त करारात एक कलम टाका की संस्था बंद पडली किंवा विकली गेली तर पुस्तकाचे हक्क लेखकाकडे परत जातील आणि शिल्लक प्रती छपाईच्या भावात आधी लेखकाला विचारल्या जातील. नाहीतर होतं काय, तुमच्या टेबलखुर्च्यांबरोबर आमची पुस्तकंही येणेकऱ्यांच्या यादीत जाऊन बसतात आणि लेखक वकिलाच्या दारात. कायदा देशोदेशी वेगळा असेल, पण असं कलम लिहून ठेवल्यावर भांडायला निदान काहीतरी हातात राहतं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटत असेल ही बाई मोठ्या प्रकाशकाकडे का गेली नाही. सांगितलं ना, चौदा महिने. आणि समजा उद्या त्यांनी बोलावलं तरी ते ‘क्षणभर’ कोण मोजणार?

आमच्या बाजूनेही कबुली देते, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. आम्ही नवे लेखक त्रास देतो. प्रुफं म्हणजे दुरुस्तीसाठी असतात, नव्याने लिहायला नाही, हे आम्हाला कळत नाही (मी शेवटच्या प्रुफात एक अख्खं पत्र घुसवायचा प्रयत्न केला होता, जॉइस बनून). रात्री अकराला कव्हरवरच्या निळ्या रंगाबद्दल मेसेज करतो. आमचं पुस्तक प्रत्येक दुकानाच्या काचेत का नाही म्हणून रुसतो, स्वतः मात्र इतर कुठल्याही नव्या लेखकाचं पुस्तक विकत घेत नाही. भेटप्रती संपल्या की अजून मागतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पहिलं पुस्तक जरा चाललं की दुसरं बाड गुपचूप मोठ्याकडे पाठवतो, तुम्ही दीड वर्ष घालवून घडवलेला लेखक दुसऱ्याच्या यादीत जाऊन बसतो आणि तुम्हाला ते सोशल मीडियावरून कळतं. याचंही उत्तर कागदावरच आहे. पुढचं पुस्तक आधी तुम्हाला दाखवायचं, तुम्ही साठ दिवसांत हो की नाही सांगायचं, असं कलम घाला, मी आनंदाने सही करेन. फक्त ‘पुढची सर्व पुस्तके’ असं लिहू नका, एकच लिहा. आणि साठ दिवस म्हणजे साठच.

तुम्ही म्हणाल हे सगळं करायचं तर मग आमच्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला, करार, कलमं, मुदती, आपलं नातं वेगळं आहे. नातं वेगळं आहे म्हणूनच म्हणतेय. मोठ्या ठिकाणी मला कुणाची भीड वाटली नसती, मी सरळ अकाउंट्सला ईमेल ठोकला असता. तुमच्यासमोर वाटते, कारण तुमचा डोळ्याखालचा काळेपणा मला दिसतो, प्रिंटरचं बिल थकलंय हे मला माहिती असतं, तुम्ही पुस्तक प्रदर्शनात सलग नऊ दिवस स्टॉलवर उभे होतात हे मी पाहिलंय. मी मागू शकत नाही तेव्हा कागदाने मागावं, ठरल्या तारखेला, तुमच्या-माझ्या दोघांच्या वतीने, म्हणजे मग फोनवर आपण आईचं पात्र सहाव्या प्रकरणानंतर कुठं गेलं याबद्दल बोलू शकतो, मला मनात दुसरंच काही घोळवत बसावं लागणार नाही.

जाता जाता एक गंमत. पुस्तकाच्या मागे तो तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असतो ना (२००७ च्या आधी दहाच आकडी होता), त्यातला एक तुकडा प्रकाशकाची ओळख असतो आणि त्याच्या पुढचा पुस्तकाची. ज्या प्रकाशकाची हजारो पुस्तकं निघणार त्याला ओळखीचा आकडा छोटा देतात, म्हणजे पुस्तकांसाठी जागा जास्त उरते. आणि ज्याची मोजकीच निघणार त्याला लांबलचक. माझ्या पुस्तकावर तुमचा तुकडा इतका लांब आहे की पुस्तकांना उरलेत फक्त दोन आकडे, शंभर पुस्तकांची सोय. मी तो पहिल्यांदा असा सुटा करून वाचला तेव्हा मनात हिशोब केला की यातलं एक माझं, अजून एक मागायला हरकत नाही.

तर दुसरं बाड तयार आहे. ‘क्षणभर’ चौदाच वेळा आलंय, मीच मोजलं. सोमवारी सकाळी तुम्हाला ईमेल करतेय, त्याला दोन फाईली जोडलेल्या असतील. एक कादंबरी, आणि दुसरी चार पानांची, जिच्यात टक्के कशावर ती जागा कोरी ठेवलीये, तुम्ही भरा मग बोलू. कादंबरी आधी वाचलीत तरी चालेल, पण उत्तर दोन्हींचं एकदम द्या. आणि हो, त्या पहिल्या पुस्तकाचं स्टेटमेंट. बघा, लिहिलं शेवटी.

तुमची,
यादीतली एक लेखिका